जबडा रेखीव करणारे सिलिकॉनचे उपकरण : मुलाने वापरावे का?

मेघना_ऐरोली

नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा असून ऐरोलीतच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपला चेहरा गोल आहे, हनुवटीखाली चरबी आहे आणि फोटोत जबड्याची रेषा दिसत नाही, असे गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या मनाने घेतले आहे. मित्रमंडळींत आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये सध्या हाच विषय चालतो, असे त्याच्या बोलण्यावरून दिसते. त्यातूनच त्याने जबड्याच्या व्यायामाचे एक उपकरण ऑनलाइन मागवले. मुठीत मावेल एवढा सिलिकॉनचा ठोकळा आहे. त्याला वर आणि खाली दातांसाठी खाचा आहेत. कमी, मध्यम आणि जास्त कडकपणाचे तीन ठोकळे एकाच खोक्यात आले आणि खोक्यावर त्यांचा जोर पौंडांत छापलेला आहे. अभ्यास करताना तो हे पुढच्या दातांत धरून चावत आणि सोडत बसतो. लाळ गळते म्हणून मांडीवर नॅपकिन घेतलेला असतो. मधल्या ठोकळ्याच्या खाचांमध्ये त्याच्या दातांचे ठसे आता कायमचे उमटले आहेत.

मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली म्हणजे त्याच्या दातांना तारा लावलेल्या होत्या, त्या गेल्या वर्षी निघाल्या आणि डॉक्टरांनी रात्री रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून बसवायचा साचा, लावायला सांगितला आहे. दुसरी म्हणजे जांभई देताना किंवा मोठा घास घेताना त्याच्या डाव्या कानाजवळ 'कट्' असा आवाज येऊ लागला आहे. शेजारी बसले तर मलाही तो ऐकू येतो. दुखत नाही, असे तो म्हणतो. उलट आवाज येतो म्हणजे स्नायू काम करू लागले, असे त्याचे म्हणणे आहे.

त्याला नुसते 'टाकून दे' असे सांगणे मला योग्य वाटत नाही. तो सज्ञान आहे आणि ही गोष्ट त्याच्या मनाला खरोखर लागलेली आहे. मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या साखरपुड्यात तो एकाही फोटोला उभा राहिला नाही. या उपकरणाने प्रत्यक्षात काय होते आणि काय होत नाही, हे जाणकारांनी नीट समजावून सांगितले तर ते मी त्याच्यापुढे ठेवीन.

फिजिओ_नौपाडा

मेघनाताई, आपण मुलाला रागावण्याऐवजी माहिती शोधत आहात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि या वयाची मुले हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

त्याला आरशासमोर उभे करून दाढा घट्ट दाबायला सांगा आणि कानाच्या पाळीखाली, जबड्याचा कोन जिथे वळतो तिथे बोटे ठेवायला सांगा. दात दाबले की तिथे एक कडक फुगवटा हाताला लागतो. तो मॅसेटर नावाचा स्नायू. गालाच्या हाडापासून निघून तो खालच्या जबड्याच्या कोनाला चिकटतो आणि चावण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा असतो. त्याच्या जोडीला कानशिलावरचा टेम्पोरॅलिस आणि जबड्याच्या आतल्या बाजूचा आणखी एक स्नायू असतो. चावण्याचे उपकरण ज्यांना कामाला लावते ते मुख्यतः हेच, म्हणजे तोंड बंद करणारे स्नायू होत. ५० हून अधिक स्नायूंना व्यायाम मिळतो असे काही जाहिरातींत म्हटलेले असते. परंतु जोर लावून चावण्याचे काम मोजक्याच स्नायूंचे आहे आणि बाकीचे फार तर सोबतीला ताणले जातात.

आता आपल्या मुलाला हवे आहे ते काय? हनुवटीखालचा भाग सपाट व्हावा आणि कडा स्पष्ट दिसावी. तो भाग मॅसेटरपासून बराच पुढे आहे. तिथे त्वचेखाली चरबीचा थर असतो, त्याखाली मानेचा पातळ पसरट स्नायू आणि त्याहून आत जीभ व तोंडाचा तळ उचलून धरणारे छोटे स्नायू असतात. चावण्याने यांपैकी कशावरही म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. मॅसेटर मात्र इतर कोणत्याही स्नायूप्रमाणे जोराचे काम दिल्यावर जाड होतो आणि तो जाड झाला की चेहरा कानाखाली दोन्ही बाजूंनी रुंद दिसू लागतो. ज्यांना चेहरा निमुळता हवा असतो ते लोक याच स्नायूत तो सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन घेऊन तो बारीक करून घेतात, हे त्याला अवश्य सांगा. चेहरा आधीच गोल असलेल्या मुलाने हा स्नायू वाढवला तर चेहरा चौकोनी आणि भरलेला दिसण्याची शक्यता अधिक आहे.

राहिला प्रश्न चरबीचा. ज्या भागाचा व्यायाम करावा तिथलीच चरबी जळते, हा समज जुना आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली होती. खेळाचा हात वर्षानुवर्षे राबलेला आणि स्नायूंनी भरलेला, तरीही दोन्ही हातांवरची चरबी सारखीच निघाली. स्नायूवरची चरबी त्या स्नायूच्या कामाने वितळत नाही. ती संपूर्ण शरीराच्या हिशेबातून कमी होते, आणि आधी कुठून कमी व्हावी हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरते.

चेहऱ्याच्या व्यायामाने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१८ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने ४० ते ६५ वयाच्या स्त्रियांकडून २० आठवडे चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले. २७ जणींनी सुरुवात केली, १६ जणींनी शेवटपर्यंत केले. छायाचित्रे पाहणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना त्यांच्या गालांचा वरचा आणि खालचा भाग अधिक भरलेला वाटला. जबड्याच्या रेषेत तशी सुधारणा दिसली नाही. हे व्यायाम बोटांनी हलका विरोध देऊन करायचे होते, दातांत काही धरून नव्हे, आणि त्यातून मिळाला तो गालाचा भरीवपणा. उतारवयात तो हवाहवासा वाटतो, पण १९ वर्षांच्या मुलाला नेमका तोच नको आहे.

माझ्या अनुभवात या वयाच्या मुलांचा खरा घोळ पुष्कळदा मानेत असतो. ठाणे-वाशी लोकलच्या कोणत्याही डब्यात पाहा. मान पुढे काढून, हनुवटी छातीकडे झुकवून सगळे मोबाइलमध्ये पाहत असतात. डोके पुढे आले की हनुवटीखालची त्वचा आणि मऊ भाग सैल पडून पुढे येतो आणि बारीक मुलालाही दुहेरी हनुवटी दिसते. पाठ भिंतीला टेकवून हनुवटी सरळ मागे ओढायची, जरा वेळ धरायची आणि सोडायची, हा साधा व्यायाम मानेच्या आतल्या स्नायूंना बळ देतो. त्याने जबड्याचे हाड बदलणार नाही. पण डोके मानेवर सरळ बसले की आहे ती रेषा दिसू लागते.

अनिकेत_कोलशेत

मी २६ वर्षांचा आहे आणि हे उपकरण मी स्वतः वापरलेले आहे, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझा चेहरा मुळात लांबट आणि गाल बसलेले आहेत. नियमित वापरानंतर जबड्याचा मागचा कोन भरल्यासारखा दिसू लागला आणि माझ्या चेहऱ्याला ते बरे दिसले. त्यामुळे उपकरणाने काहीच होत नाही, असे म्हणणे माझ्या अनुभवाशी जुळत नाही. मात्र वर फिजिओताईंनी लिहिले आहे तेच झाले: फरक पडला तो कानाखाली, हनुवटीखाली काहीही बदलले नाही. पुढे सकाळी उठल्यावर कानशिले जड वाटू लागली आणि दिवसा लॅपटॉपसमोर बसलो असताना नकळत दात आवळलेले आहेत, असे वरचेवर लक्षात येऊ लागले. तेव्हा मी ते बंद केले. कानशिलांचा जडपणा गेला आणि काही महिन्यांत जबड्याचा भरीवपणाही ओसरला.

आपल्या मुलाला माझी एक विनंती कळवा. त्याने स्वतःचे फोटो पाहायची पद्धत आधी बदलावी. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याला जवळ असलेले नाक मोठे दिसते आणि कान व जबड्याची कड मागे जाऊन लहान दिसते. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणित मांडून दाखवले की सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत जवळजवळ ३० टक्क्यांनी अधिक दिसते. फोन कपाटावर ठेवून, टायमर लावून, दीड-दोन मीटरवर उभे राहून, खिडकीच्या उजेडात एक फोटो काढावा आणि चेहऱ्याबद्दलचा निर्णय त्यावरून करावा. जाहिरातीतले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटोही याच नजरेने पाहावेत. 'आधी'च्या फोटोत उजेड समोरून आणि हनुवटी आत ओढलेली असते. 'नंतर'च्या फोटोत उजेड वरून, मान उंच आणि दाढी नेमकी जबड्याच्या कडेने कोरलेली असते. अशी दाढी कोरून घेतली तर ठाण्यातल्या गोखले रोडवरच्या कोणत्याही सलूनमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचा जबडा त्याच दिवशी रेखीव दिसतो, आणि मी हे मनापासून सुचवतो आहे, कारण या वयात आत्मविश्वास येण्यासाठी तेवढा फरकही पुरतो.

दंतवैद्य_वाशी

मेघनाताई, आपण लिहिलेल्या दोन्ही काळज्या योग्य आहेत आणि त्यांतली सांध्याची काळजी मला अधिक महत्त्वाची वाटते. इथे न तपासता निदान करता येणार नाही. परंतु सांध्यात आवाज सुरू झालेला असताना हे उपकरण आजपासून बंद ठेवावे, इतके मी निःशंकपणे सांगतो.

खालच्या जबड्याचे हाड दोन्ही कानांच्या पुढे कवटीला सांध्याने जोडलेले असते आणि त्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना हाडाचे टोक आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे सरकते, आणि चकती त्याच्याबरोबर सरकते. चकती जागेवरून थोडी पुढे घसरलेली असेल तर हाडाचे टोक तिच्याखाली पुन्हा शिरताना 'कट्' असा आवाज येतो. तो आवाज स्नायूचा नसतो. न दुखणारा असा आवाज पुष्कळ निरोगी माणसांतही सापडतो आणि दर वेळी त्यावर उपचार लागतातच असे नाही, त्यामुळे घाबरू नये. पण आधी नसलेला आवाज जबड्यावर नवा भार पडू लागल्यानंतर सुरू झाला असेल तर तो भार काढून घेणे हा पहिला उपाय होय. दुखू लागणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, जबडा अडकणे किंवा दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसणे, यांपैकी काहीही जाणवले तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

हे उपकरण पुढच्या दातांत धरायचे असते, यातच मोठी अडचण आहे. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ धरली की सहज कातरते आणि टोकाकडे सरकवली की हाताला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. जबड्याची बिजागरी कानापाशी आहे. दाढा तिला जवळ, पटाशीचे दात तिच्यापासून सर्वांत दूर. तेवढाच दाब पुढच्या दातांवर आणायचा तर स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो आणि त्या जोराचा मोठा हिस्सा सांध्यावर येतो. ठोकळ्यावर ४० पौंड लिहिलेले असेल तर तो सुमारे १८ किलोंचा भार झाला. निसर्गाने जड भार पेलण्यासाठी दोन-तीन मुळे असलेल्या दाढा दिल्या आहेत. पटाशीचा दात एका मुळाचा आणि घास तोडण्यापुरता आहे. विश्रांतीत आपले वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकतही नाहीत, त्यांत २ ते ४ मिलिमीटरची फट असते. अनिकेत यांनी दात नकळत आवळले जाण्याचा अनुभव लिहिला आहे, तो मला फार बोलका वाटतो. जबड्याला आवळण्याची सवय लागली की ती उपकरण बाजूला ठेवल्यावरही सुटेलच असे नाही, आणि रात्री दात खाण्याची सवय असलेल्यांनी तर हे उपकरण घरातही आणू नये.

आता तारांविषयी. तारांनी दात हलतात ते मोठ्या जोराने नव्हे, तर काही ग्रॅम ते काही शे ग्रॅम इतक्या हलक्या पण सतत मिळणाऱ्या दाबाने. तारा निघाल्यावर दाताभोवतीचे हाड आणि हिरडीतले तंतू नव्या जागी स्थिरावायला वेळ घेतात. हिरडीतल्या तंतूंना वर्षभरही लागू शकते. रिटेनर दिला जातो तो याचसाठी. त्या काळात पुढच्याच दातांवर रोज जड आणि तिरका दाब देणे म्हणजे ज्या दातांसाठी आपण इतका वेळ आणि पैसा घातला तेच धोक्यात घालणे होय. दातांच्या मागे पातळ तार चिकटवलेली असेल तर ती सुटू शकते, आणि ती सुटल्याचे पुष्कळदा लगेच लक्षातही येत नाही.

तपासणीसाठी शक्य असेल तर ज्यांनी तारा लावल्या त्यांच्याकडेच जावे, कारण जुने साचे आणि क्ष-किरण चित्रे त्यांच्याकडे असतील. ते जमत नसेल तर ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठता येते. तिथे आणि पुढे बेलापूर, खारघर, कामोठे येथेही दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात आधी मुखरोगनिदान विभाग तपासतो आणि गरज असेल तर दंतव्यंगोपचार (वाकडे दात सरळ करण्याचा) किंवा मुखशल्यचिकित्सा विभागाकडे पाठवतो.

मेघना_ऐरोली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी हे सर्व त्याला वाचायला दिले. बोटॉक्सचा मुद्दा आणि फोटोचा मुद्दा त्याला सर्वांत अधिक पटला. उपकरण त्याने खोक्यात घालून कपाटात ठेवले आहे. मात्र त्याने दोन प्रश्न विचारले. उपकरण नको तर त्याऐवजी कडक च्युइंगम, म्हणजे ते ग्रीसहून येणारे मस्तकी गोंद चघळले तर चालेल का? आणि जीभ टाळूला चिकटवून ठेवण्याने जबडा पुढे येतो, हे खरे आहे का?

सुनंदा_खारघर

डॉक्टर उत्तर देतीलच. मी थोडे वेगळे लिहिते. आमच्याकडे सासऱ्यांना तोंडाच्या कर्करोगानंतर किरणोपचार झाले. ते उपचार खारघरच्या टाटा केंद्रात झाले आणि जबड्याचा खरा व्यायाम काय असतो, हे आम्ही तिथे पाहिले. किरणोपचाराने किंवा सुपारी-गुटख्यामुळे तोंडाच्या आतला भाग ताठर झाला की तोंड उघडेनासे होते. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि दिवसागणिक एखादी काडी वाढवता येते का, हे पाहायचे. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. सासऱ्यांचे एकही बोट जात नव्हते. आता ते वरणात कालवलेली पोळी चमच्याने खाऊ शकतात. ते व्यायाम तोंड उघडण्याचे असतात, चावण्याचे नव्हे, आणि किती काड्या, किती वेळ हे तज्ज्ञ मोजून ठरवतात. आपल्या मुलाला याची गरज नाही. पण मेघनाताई, बोटे उभी धरून तोंड किती उघडते ते त्याने आज पाहून ठेवावे, म्हणजे पुढे कमी झाले तर लगेच कळेल.

दंतवैद्य_वाशी

सुनंदाताईंनी सुचवलेली तीन बोटांची तपासणी आम्हीही दवाखान्यात सर्वांत आधी करतो, त्याने ती अवश्य करावी.

मस्तकी हे ग्रीसच्या कीऑस बेटावरच्या झाडांचे राळेसारखे गोंद आहे आणि ते साध्या च्युइंगमपेक्षा बरेच चिवट असते. ते दाढांनी चघळले जात असल्याने पुढच्या दातांवरचा भार वाचतो. पण स्नायू तोच आणि सांधाही तोच. आवाज येत असताना तासन्तास काहीही चघळणे नको. सांधा शांत झाल्यावर जेवणानंतर थोडा वेळ बिनसाखरेचे साधे च्युइंगम चघळायला माझी हरकत नाही, ते लाळ वाढवून दातांना उपयोगीच पडते. जबडा मात्र त्याने घडत नाही.

जीभ टाळूला लावण्याच्या पद्धतीला मुले 'म्यूइंग' म्हणतात. तिचा उगम जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्याच्या मतांमध्ये आहे. तिने जबड्याचा आकार बदलतो याला शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेतील दंतव्यंगोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट केले आहे. जीभ सहजपणे टाळूला टेकलेली असणे नैसर्गिक आहे, तिथे ती जोराने दाबून धरू नये. तारा नुकत्या निघालेल्या असताना तर मुळीच नाही.

मुलांच्या खालच्या जबड्याची वाढ साधारणपणे १८ ते २० वर्षांपर्यंत चालू असते आणि किशोरवयातला गालांचा गुबगुबीतपणा पुष्कळांच्या बाबतीत त्यानंतर आपोआप उतरतो. हनुवटी खरोखरच मागे आहे की केवळ तशी वाटते, हे बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावरून मोजता येते; तारा लावण्यापूर्वी ते काढलेले असण्याची दाट शक्यता आहे. भेटीच्या वेळी ते मागून घ्यावे आणि ते चित्र डॉक्टरांनी त्याला स्वतःला समजावून द्यावे, असा आग्रह धरावा. वजन अधिक असेल तर आहार आणि चालणे-पळणे याबद्दल फिजिओताईंचे मत घ्यावे. लोक आपल्याकडे पाहतात या भीतीने त्याचे बाहेर जाणे-येणे कमी होत चालले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यासाठी समुपदेशकाची मदत मिळू शकते आणि ती घेण्यात कोणताही कमीपणा नाही. भेटीला जाताना रिटेनर आणि ठसे उमटलेला तो ठोकळा, दोन्ही सोबत न्यावेत. भार नेमका कोणत्या दातांवर पडत होता, ते त्या ठशांवरून लगेच कळेल.